चढ चाकांवर, उतार पायांवर: लिस्बन कसं भटकावं

दापोली तालुक्यात मी 34 वर्षं टपाल वाटलं. आधी पायी, मग सायकलवर, शेवटी शेवटी मोटारसायकलवर. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, आली की मात्र सगळ्यांनाच पाय. नवं बीट, म्हणजे टपाल वाटायचा नवा भाग, हातात आलं की पहिले आठ दिवस पोस्टमनची त्रेधा उडते. एकाच आडनावाची सात घरं, कुठल्या आगरातून शिरलं की कुठे निघतो ते कळत नाही, कुत्री अंगावर येतात. नवव्या दिवशी गाव उलगडायला लागतं. ऑक्टोबर 2023 मध्ये पोर्तुगालमधल्या लिस्बनला मुलीकडे तीन आठवडे राहायला गेलो, तेव्हा तिने "बाबा, काय काय बघायचं त्याची यादी करून ठेवलीय" म्हणून कागद पुढे केला. मी तो घडी करून खिशात घातला आणि म्हटलं, आधी बीट फिरून घेतो.

कागद शेवटपर्यंत खिशातच राहिला. पुढे जे लिहितोय ते त्या 21 दिवसांत जमलेलं आहे. आमची ही बरोबर होती. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे यातले निम्मे नियम तिच्या गुडघ्यांनी केलेत असं समजा.

आधी उतार ओळखा

लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय म्हणतात. सात की जास्त ते मी मोजलं नाही. आपल्याला उपयोगाची गोष्ट एवढीच की इथे सपाट जागा फार थोडी, आणि प्रत्येक उतार वळत वळत शेवटी तेजु नदीकडे जातो. नदी म्हणायची, पण दिसते आपल्या दाभोळच्या खाडीहूनही रुंद, समुद्रच वाटावी अशी. त्यामुळे वाट चुकलात तर घाबरायचं कारण नाही. पावसाचं पाणी जिकडे जाईल तिकडे चालत सुटा, नदी लागते. नदीकाठी सपाट रस्ता, बस, मेट्रो सगळं आहे. नकाशा न घेता हिंडायची हिंमत याच एका गोष्टीमुळे येते.

म्हणून पहिल्याच दिवशी, शहरात कुठेही शिरायच्या आधी, काइश दु सोद्रेच्या धक्क्यावरून पलीकडच्या कासील्याशला जाणारी बोट पकडा. दहा मिनिटांचा प्रवास. रोज कामाला जाणारी माणसं त्यात असतात, पर्यटक थोडे. जाताना मागच्या बाजूला उभे राहा. अख्खं शहर दगडी घाटासारखं समोर उभं राहतं: उजव्या हाताला टेकडीवर किल्ला, त्याच्या पदरात आल्फामा या वस्तीची दाटीवाटी, मधे नदीपाशी मोठा पिवळा चौक, डाव्या हाताला पुन्हा चढ, आणि त्याही पलीकडे लाल लोखंडी पूल. हा पूल 1966 साली हुकूमशहा सालाझारच्या नावाने सुरू झाला. 25 एप्रिल 1974 ला तिथली हुकूमशाही कोसळली आणि पुलाला त्या तारखेचंच नाव मिळालं. एकदा हे चित्र डोळ्यांत बसलं की नंतर कुठल्याही बोळात असलात तरी आपण किल्ल्याच्या कुठल्या अंगाला आहोत एवढं कळतं. तेवढं पुरतं.

चढ चाकांवर

आता मुख्य नियम. सकाळी वर जायचं ते गाडीने, आणि दिवसभर खाली यायचं ते पायाने. उलट केलंत तर अकरा वाजेपर्यंत दम निघेल आणि मग बाकावर बसून कबुतरं मोजावी लागतील. आम्ही पहिल्या दिवशी मोजली.

वर जायला 28 नंबरची पिवळी ट्राम सगळ्यांना ठाऊक असते, आणि तीच अडचण आहे. मार्तीं मोनीजच्या थांब्यावर तिच्यासाठी जी रांग लागते ती बघून मला महिन्याच्या पहिल्या तारखेची पेन्शनची रांग आठवली. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचं. ते टोक एका मोठ्या दफनभूमीच्या दाराशी आहे आणि त्या दफनभूमीचं नाव प्राझेरिश, म्हणजे चक्क 'सुखं'. सकाळी लवकर तिथे खिडकीची जागा मिळते. ट्राममध्ये पाकीट पुढच्या खिशात आणि हात पाकिटावर. पाकीटमार या ट्रामच्या वेळा पर्यटकांपेक्षा चांगल्या ओळखतात.

गर्दी नको असेल तर 12 नंबरची ट्राम आहे. ती किल्ल्याच्या टेकडीला गोल प्रदक्षिणा घालते. 737 नंबरची लहान बस प्रासा दा फिगेइरा चौकातून थेट किल्ल्याच्या दारात नेते. आणि हिच्या गुडघ्यांनी शोधून काढलेला खरा खजिना सांगतो: रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावर एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. बाहेरून बघाल तर आत लिफ्ट आहे असं वाटणारही नाही. वरच्या मजल्यावर बाहेर पडलात की तुम्ही वरच्या रस्त्यावर. तिथून थोडं चाललं की एक सुपरमार्केट, त्याच इमारतीत दुसरी लिफ्ट, आणि तुम्ही किल्ल्याच्या पायथ्याशी. दूध-पाव घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या बायका याच लिफ्टने घरी जातात. दुसऱ्या अंगाच्या टेकडीवर, शियादुला जायचं तर बायशा-शियादु मेट्रो स्टेशनात खालच्या दाराने शिरायचं आणि सरकत्या जिन्यांवर उभं राहून वरच्या दाराने बाहेर पडायचं. गाडीत बसायचं नाही, तिकीट नाही.

सांता झुश्ताची लोखंडी लिफ्ट 1902 सालची आहे आणि 45 मीटर उंच आहे. बघायला देखणी, पण खालची रांग धरू नका. शियादुच्या बाजूने कार्मुच्या चौकात आलात की तिच्या माथ्यापाशी पायी पोचता येतं. रुळांवरून टेकडी चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाड्यांबद्दल मात्र जाण्याआधी चौकशी करा. सप्टेंबर 2025 मध्ये त्यातल्या ग्लोरियाच्या गाडीला अपघात होऊन 16 माणसं गेली. आम्ही त्याच गाडीत बसलो होतो. बातमी वाचली त्या दिवशी ही काही बोलली नाही.

रस्त्याच्या नावातला पहिला शब्द

आता पोस्टमनचा धडा. लिस्बनमध्ये रस्त्याचं नाव भिंतीवर लिहिलेलं असतं. पूर्ण नाव वाचायची गरज नाही. पहिला शब्द वाचा, तोच पुढे काय वाढून ठेवलंय ते सांगतो.

'रुआ' म्हणजे साधा रस्ता. 'त्राव्हेसा' म्हणजे दोन रस्ते जोडणारी आडवी गल्ली. शिरलात तर पलीकडे निघणार, खात्रीने. 'लार्गु' म्हणजे लहान चौक, बसायला बाक, बहुधा एखादं झाड आणि कॉफीचं दुकान. 'काल्सादा' दिसलं की समजायचं खडा चढ किंवा खडा उतार. 'एश्कादिन्याश' म्हणजे पायऱ्या. आमच्याकडे जिला पाखाडी म्हणतात तीच ही. दोन्ही बाजूंना भिंती, मधे दगडी पायऱ्या, कडेने पाण्याची वाट. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीची पाखाडी चढलेला माणूस आल्फामात परका राहत नाही. फक्त इथे जांभा नाही, चुनखडीचा पांढरा दगड आहे, आणि घरांच्या भिंतींना खालपासून वरपर्यंत रंगीत फरश्या लावलेल्या. त्या फरश्यांना 'अझुलेजु' म्हणतात. शब्द मूळचा अरबी. आल्फामा हे नावही अरबीच, गरम पाण्याच्या झऱ्यांवरून पडलेलं.

आणि 'बेकु'. बेकु म्हणजे बोळ. पुढे निघेल किंवा नाही निघणार. गाईड लोक इथे शिरत नाहीत, म्हणून आपण शिरायचं. मी नियमच केला होता: सकाळच्या फेरीत किमान तीन बेकु. वाळत घातलेल्या चादरीखालून वाकून जायचं, कुणाच्या तरी खिडकीतून रेडिओ ऐकू येतो, कोळंबी तळल्याचा वास येतो, आणि मग समोर भिंत. परत फिरायचं. हे लोकांच्या घराचं अंगण आहे हे विसरू नका. आवाज खाली ठेवा, खिडकीत डोकावून फोटो काढू नका, कुणी दारात बसलं असेल तर 'बों दिया' म्हणा. दुपारनंतर 'बोआ तार्द'. एवढ्या दोन शब्दांवर मला एका आजीने अंजीर खायला दिलं. मी 'ओब्रिगादु' म्हटलं, हीसुद्धा 'ओब्रिगादु' म्हणाली, तर आजीने बोट हलवून तिला दुरुस्त केलं: बाईने 'ओब्रिगादा' म्हणायचं. आभाराला लिंग असतं ही गोष्ट आम्ही साठीत शिकलो.

मोरारिया नावाच्या शेजारच्या वस्तीत 'बेकु दाश फारिन्याश' आहे, पिठांचा बोळ. तिथे भिंतींवर त्याच वस्तीतल्या वयस्क माणसांचे मोठाले फोटो उमटवलेत. ज्याचा फोटो, तो कधीकधी शेजारच्याच दारात बसलेला सापडतो. मला हे फार आवडलं. पोस्टमनला पत्त्यापाशी चेहरा लागतो.

घराच्या नंबरांचंही सांगून ठेवतो, कारण नकाशाशिवाय फिरताना तेच होकायंत्र. नदीपासून वर निघणाऱ्या रस्त्यांवर नंबर नदीच्या टोकाला सुरू होतात आणि वर चढत जातात. म्हणजे नंबर वाढतोय तर तुम्ही नदीपासून लांब चाललात. बायशा या मधल्या सखल भागातल्या सरळ रस्त्यांवर हे लगेच पडताळता येतं. शिवाय इथे घराला नंबर नसतो, दाराला असतो. एका दुकानाला तीन दारं असतील तर तीन नंबर. पहिल्या दिवशी मी 'नंबर एवढे झपाझप कसे पळतायत' म्हणून चक्रावलो होतो. दाराच्या घंटीवर नाव नाही, नुसता मजला आणि 'उजवा' किंवा 'डावा'. 'तिसरा डावा' एवढाच माणसाचा पत्ता. एकाच आडनावाच्या सात घरांना मी आयुष्यभर वैतागलो, इथे तर आडनावच नाही. इथल्या पोस्टमनला मनातल्या मनात नमस्कार केला.

एक उतार सविस्तर

पहिल्या खेपेला कुठून उतरावं असं विचाराल तर हा उतार घ्या, मग बाकीचे आपोआप सापडतील.

12 किंवा 28 नंबरने वर येऊन पोर्ताश दु सोलला उतरा. हा 'मिरादोरु', म्हणजे नजर टाकायचा कट्टा. अशा कट्ट्यांनी शहर भरलंय, आणि तिथे उभं राहायला पैसे पडत नाहीत. समोर आल्फामाची लाल कौलं. कौलं बघितली आणि ही म्हणाली, "अहो, शाकारणी करायला आलीय." खरंच काही कौलांवर गवत उगवलं होतं. तिथून दोन पावलांवर सांता लुझियाचा कट्टा, बोगनवेलीच्या मांडवाखाली. तिथल्या चर्चच्या भिंतीवर निळ्या फरश्यांचं एक चित्र आहे, ते थांबून बघा. नदीकाठचा चौक भूकंपाआधी कसा होता ते त्यात काढलंय.

हा भूकंप समजल्याशिवाय लिस्बन कळत नाही, म्हणून थोडं विषयांतर. 1 नोव्हेंबर 1755, सगळ्या संतांचा सण, सकाळची वेळ. लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या. जमीन हादरली, चर्चं कोसळली, मेणबत्त्यांनी आगी लागल्या. लोक मोकळ्या जागेकडे, म्हणजे नदीकाठी धावले, आणि नदीतून समुद्राची लाट आत आली. आगी पुढे कित्येक दिवस जळत होत्या. मधला सखल भाग, बायशा, धुळीला मिळाला. खडकावरचा आल्फामा बराचसा तगला. म्हणून टेकडीवर वेडेवाकडे बोळ आहेत आणि खाली पट्टीने आखलेले रस्ते. राजाच्या मंत्र्याने, पोंबालच्या मार्क्विसने, खालचं शहर नव्याने उभं केलं. भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा घालून वर बांधकाम, म्हणजे हादरा बसला तर घर लवेल पण पडणार नाही. नमुन्याचं घर बांधून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून बघितलं असं सांगतात. आमच्या कोकणातल्या जुन्या घरांचा भारही लाकडी खांबांवर आणि तुळयांवरच, त्यामुळे मला ते ऐकून परकं वाटलं नाही.

तर सांता लुझियाच्या कडेने पायऱ्या खाली उतरतात. तिथे शिरा आणि मग काही ठरवू नका. दोन फाटे आले की जो जास्त उतरतो तो घ्या. पायऱ्या ओल्या असतील तर कमी उतरतो तो. मधे सांव मिगेलचं चर्च लागेल किंवा नाही लागणार, दोन्ही ठीक. ट्रामचे रूळ दिसले तर अरुंद जागी भिंतीला चिकटून उभे राहा, काही ठिकाणी ट्राम आणि भिंत यांच्यात माणूस जेमतेम मावतो. शेवटी तुम्ही लार्गु दु शाफारीश द देंत्रु या चौकात पडता. शाफारीश म्हणजे पाणवठा. मी हा उतार पाच वेळा उतरलो, पाचही वेळा वेगळ्या वाटेने, आणि चार वेळा त्याच चौकात येऊन पडलो. पाचव्यांदा एका कुलपबंद अंगणात पोचलो. तिथल्या माणसाने दार उघडून मला पलीकडे काढलं, आणि तो काय म्हणाला ते कळलं नाही हेच बरं.

चौकातून नदीला समांतर, नदी डाव्या हाताला ठेवून पाच-सात मिनिटं चाललं की काझा दुश बिकुश लागतं. दर्शनी भिंतीवर हिऱ्यासारखे टोकदार दगड बसवलेलं घर. 1523 मध्ये ब्राश द आल्बुकेर्कने बांधलं. हा कोण, तर आफोंसु द आल्बुकेर्कचा मुलगा. बापाने 1510 मध्ये गोवा घेतला, आणि त्याच आफोंसुच्या नावावरून आपला हापूस आला असं आपण सगळे सांगतो. मी हिला म्हटलं, बघ, हापूसच्या पोराचं घर. दापोलीत आमची नऊ कलमं आहेत. तिथे उभं राहून राग यावा की गंमत वाटावी ते ठरेना. ही म्हणाली, "दगड फणसासारखे आहेत."

पोट, पाय आणि बाकी

खाण्याचं थोडक्यात. टेबलावर बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते आदरातिथ्य नव्हे. हात लावलात तर बिलात येतं, नको म्हणून परत पाठवलंत तर येत नाही. आम्ही पहिल्या दिवशी सगळं फस्त करून वर 'किती प्रेमळ माणसं' म्हटलं होतं. दुपारी 'प्रातु दु दिया' विचारा, म्हणजे आजची थाळी. स्वस्त आणि पोटभर. कॉफी प्यायची तर 'बिका' मागा, आणि गल्ल्यापाशी उभ्याने प्या, बसलात की अनेक ठिकाणी दर वाढतो. चहाला 'शा' म्हणतात, मिळतो तो बिनदुधाचा. नळाचं पाणी प्यायला चालतं, बाटली भरून घ्या.

भाषेची भीती बाळगू नका, अर्धी आपल्या घरातच आहे. पाव तो 'पांव', बटाटा तो 'बताता', साबण 'साबांव', चावी 'शाव्ह', कोबीची बहीण 'कोव्ह'. एकदा जेवण झाल्यावर वेटर टेबलापाशी येऊन विचारतो, "पगार?" मी हिला म्हटलं, याला सांग, आता पेन्शन. 'पगार' म्हणजे पैसे देणं. तो बिल विचारत होता. आणि भाषा अगदीच अडली तर मार्तीं मोनीजच्या मागे रुआ दु बेनफोर्मोझुवर जा. बांगलादेशी दुकानांची रांग आहे. हिंदीत रस्ता विचारा, कढीपत्ता घ्या.

चपला मात्र घालू नका. फुटपाथवर चुनखडीचे पांढरे-काळे चौकोनी तुकडे बसवलेले असतात, त्यांची नक्षी सुंदर, पण वर्षानुवर्षांच्या पावलांनी ते काचेसारखे झालेत. शेवाळावरून टपाल वाटलेला मी, मला कोण पाडणार या तोऱ्यात चामड्याच्या चपला घालून निघालो. पावसाची एक सर आली आणि रुआ गारेत्तवर, भर गर्दीत, मी बसलो. दोन पोरींनी उठवलं. दुसऱ्या दिवशी रबरी तळाचे बूट घेतले.

ऑक्टोबरच्या अखेरीला चौकाचौकांत भाजक्या चेस्टनटच्या गाड्या लागतात. त्या धुराने अख्खा रस्ता पांढरा होतो. डझनाने विकतात, कागदाच्या पुडीत. साल गरम असतानाच सोलायची, बोटं काळी होतात. काजूच्या बिया चुलीत भाजायचो त्या दिवसांची आठवण झाली, पण इथे तेल उडत नाही, तोंड भाजत नाही. पुडी हातात घेऊन चालत चालत संपवायची, हाच त्याचा प्रकार.

सोमवारी बरीच संग्रहालयं बंद. आमचं काही अडलं नाही. एक आत जाण्यासारखी जागा सांगतो, तिकीटही नाही: रोसिउ चौकाजवळचं सांव दुमिंगुशचं चर्च. 1959 च्या आगीत आतून जळालं, आणि खांब-भिंतींवरचे फुटलेले, काळवंडलेले दगड तसेच ठेवून ते पुन्हा वापरात आणलंय. डागडुजी केली पण डाग पुसले नाहीत. बाहेर आलात की कोपऱ्यावर चेरीची गोड दारू पेल्यातून विकतात. बी तोंडात येते, ती कुठे टाकायची ते आधी बघून ठेवा. फादु गाण्याबद्दल मी काही सांगत नाही. आम्ही गेलो, तिकीट महाग होतं, मला डुलकी लागली. ही म्हणते सुंदर होतं.

मुलीची एक अट होती, तीही सांगतो: फोन बरोबर, चार्ज केलेला, अंधार पडल्यावर वाट शोधायला नकाशा उघडायचा. दिवसा उघडायचा नाही ही माझी अट.

यादीऐवजी पत्ता

अगदीच काही न ठरवता निघवत नाही अशी माणसं असतात, मी ओळखतो. त्यांच्यासाठी शेवटची युक्ती.

मंगळवारी आणि शनिवारी कांपु द सांता क्लाराच्या उतारावर जुना बाजार भरतो. नाव फेइरा दा लाद्रा. लाद्रा म्हणजे चोरटी बाई. जमिनीवर चादरी पसरून माणसं बसतात: पितळी नळ, सुट्या बाहुल्या, फरश्यांचे तुकडे, मेलेल्या माणसांचे चष्मे. फरश्या घेऊ नका, पुष्कळदा त्या जुन्या घरांच्या भिंतीवरून उपटलेल्या असतात. वर सांता एंग्रासियाचा पांढरा घुमट दिसतो. त्याचं काम 1682 मध्ये सुरू झालं आणि 1966 मध्ये पुरं झालं. काम रखडलं की तिकडे 'सांता एंग्रासियाचं काम' म्हणतात. आमच्या रस्त्याच्या पुलाला हे नाव द्यायला हरकत नाही.

तिथे एका चादरीवर बुटांच्या खोक्यात जुनी पोस्टकार्डं होती. माझे हात आपोआप तिकडे गेले. टपाल चाळताना बोटं कशी चालतात ते पोस्टमनला सांगावं लागत नाही. विकणाऱ्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि खोकं माझ्याकडे सरकवलं. विसावं-पंचविसावं कार्ड असेल. तिकिटावर 'इश्तादु दा इंडिया', म्हणजे पोर्तुगीज भारत, किंमत तिथल्या तेव्हाच्या नाण्यात, तांगांमध्ये, शिक्क्यात साल 1957. गोव्याहून निघालेलं. मजकूर चार ओळींचा, निळ्या शाईचा, मला न समजणारा. पण पत्ता समजला. नाव सांगणार नाही, टपालाची गुप्तता. रस्ता रुआ दा व्होझ दु ओपेरारियु, पुढे नंबर, तिसरा डावा.

दोन युरो दिले. विकणाऱ्याला रस्ता विचारला तर त्याने मानेनेच चर्चच्या मागची दिशा दाखवली, जवळच होता. सांव व्हिसेंतच्या चर्चच्या भिंतीला धरून गेलो. चढ होता, ही कुरकुरली. दारांचे नंबर वाचत वाचत चाललो, चुकून दोन दारं पुढे गेलो, परत आलो. घर होतं. हिरवं दार, खाली न्हाव्याचं दुकान, तिसऱ्या मजल्यावर डाव्या बाजूला कठड्यावर दोन टॉवेल वाळत होते. घंटीवर नाव अर्थातच नाही.

"टाका की फटीतून आत," ही म्हणाली. दाराला टपालाची पितळी फट होती, चांगली घासलेली.

मी कार्ड उलटून शिक्का दाखवला. बटवडा झालेलं टपाल परत वाटत नाहीत. ते खिशात ठेवलं, मुलीच्या यादीच्या घडीत, आणि आम्ही 28 च्या थांब्याकडे निघालो, कारण गुडघे बोलायला लागले होते.